काचेच्या, ओपन लॅबमध्ये काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन बिल्डिंगमध्ये शिफ्ट झालेले किंवा होऊ घातलेले पीएचडीवाले, पोस्टडॉक (पीएचडीनंतर रिसर्च करणारे), टेक्निशियन, लॅब मॅनेजर, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना माहीत असेल: ओपन लॅब मला आवडते, पण आत काम करणाऱ्याला हवं तेव्हा दार लावून बसायची सोय नसेल तर त्या मोकळेपणाचा फायदा कमी आणि त्रास जास्त होतो. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. ओपन लॅब म्हणजे नक्की काय? मधल्या भिंती काढल्या की झालं?

नाही, यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे मोठ्या हॉलमध्ये चार-सहा ग्रुपची बेंच (प्रयोग करायची टेबलं) ओळीने, मध्ये भिंत नाही, फ्रीझर आणि सेंट्रिफ्यूज (नमुने गरगर फिरवून घटक वेगळे करणारं मशीन) सगळ्यांचे मिळून. दुसरं म्हणजे काच, भिंत आहे पण आरपार दिसतं. तिसरं म्हणजे फर्निचर आणि पाइपलाइन अशी की उद्या ग्रुप वाढला तर बेंच सरकवता येतात. एखाद्या बिल्डिंगमध्ये यातलं एकच असतं. आणि बाहेरून काचेची दिसते म्हणून आतही मोकळी असेल असं समजू नका, अमेरिकेतल्या बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या रिसर्च संस्थेची होल्मडेलची बिल्डिंग (आर्किटेक्ट एरो सारिनन, १९६२) बाहेरून अख्खी आरशासारखी, पण काचेलगत नुसते कॉरिडॉर होते आणि लॅब-ऑफिसं आतल्या बाजूला बिनखिडकीची. त्यामुळे कुणी "आमची लॅब ओपन आहे" म्हटलं की मी आधी विचारते, काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि कुठून कुठे चालत जावं लागतं.

२. ही कल्पना आली कुठून? अलीकडचं फॅड आहे का?

फॅड म्हणण्याइतकं नवीन नाही. लुई कान या आर्किटेक्टच्या दोन बिल्डिंगा शेजारी ठेवून बघा, अर्धी गोष्ट तिथेच कळते. पहिली फिलाडेल्फियाची रिचर्ड्स मेडिकल रिसर्च लॅबोरेटरीज, १९६० च्या सुमाराची. उंच टॉवर, कोपऱ्यापर्यंत काच, आर्किटेक्चरवाल्यांनी डोक्यावर घेतली. आत बसणाऱ्यांच्या डोळ्यावर मात्र ऊन यायचं, जागा लहान तुकड्यांत वाटलेली, सामान ठेवायची पंचाईत, शेवटी लोकांनी खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि कागद चिकटवले. जोनास साल्क (पोलिओ लसवाले) तीच बिल्डिंग बघायला गेले होते आणि त्यातून कान यांना कॅलिफोर्नियातल्या ला होयाचं काम मिळालं. १९६५ ला पूर्ण झालेल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये लॅबच्या मजल्यावर मध्ये एकही खांब नाही, साधारण २० मीटर बाय ७५ मीटरचा सलग हॉल, आणि दोन लॅब मजल्यांच्या मध्ये पाइप-डक्टसाठी माणूस उभा राहील एवढा वेगळा मजला, म्हणजे खालची लॅब बंद न करता वर दुरुस्ती करता येते.

पण मला साल्कमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्या मोकळ्या हॉलच्या बाहेर, पूल ओलांडून गेलं की, सागवानी लाकूड लावलेल्या छोट्या अभ्यासिका आहेत, खिडक्या तिरप्या करून समुद्राकडे वळवलेल्या. काम एकत्र करायचं आणि विचार करायला एकटं निघून जायचं, दोन्हीची सोय एकाच बिल्डिंगमध्ये. नंतर खूप ठिकाणी मोकळा हॉल तेवढा उचलला आणि अभ्यासिका विसरले. स्टॅनफर्डचं क्लार्क सेंटर (२००३, नॉर्मन फॉस्टर यांची फर्म) तर आणखी पुढे गेलं, तिथे कॉरिडॉर बिल्डिंगच्या बाहेर बाल्कनीसारखे आणि बेंच चाकांवर.

३. यामुळे कोलॅबोरेशन खरंच वाढतं का, का नुसतं ब्रोशरमध्ये लिहायला?

जवळ असण्याचा फायदा खरा आहे, त्याला पुरावा आहे. एमआयटीचे थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनियर एकमेकांशी किती बोलतात ते मोजलं, अंतर वाढलं की बोलणं धपकन कमी होतं आणि साधारण ५० मीटरच्या पुढे तुम्ही पलीकडच्या विंगमध्ये बसा नाहीतर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये, फार फरक पडत नाही. पॅरिसच्या झ्युस्यू कॅम्पसमधून अ‍ॅस्बेस्टॉस काढायचा होता म्हणून लॅब इकडून तिकडे हलवाव्या लागल्या, कोण कुणाशेजारी येणार हे लोकांनी स्वतः निवडलेलं नव्हतं, त्याचा ख्रिश्चन कॅटालिनी यांनी अभ्यास केला तर एकत्र आलेल्या लॅबमध्ये जॉइंट रिसर्चची शक्यता ३.५ पट झाली होती. मुख्य म्हणजे हा परिणाम जास्त करून अशा जोड्यांमध्ये दिसला ज्यांना एरवी एकमेकांचा पत्ता लागणं अवघड होतं.

आता नीट बघा, यातल्या कुठल्याच आकड्यात काच नाहीये. हा सगळा जवळ असण्याचा, रस्ते एकमेकांना छेदण्याचा परिणाम आहे. हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या एका प्रयोगात तर ग्रँटला अर्ज करू इच्छिणाऱ्यांना फक्त ९० मिनिटं एका खोलीत एकमेकांचं काम सांगायला बसवलं, कोण कुठल्या खोलीत ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं रँडम, आणि एका खोलीतल्या दोघांनी मिळून अर्ज करायची शक्यता ७५ टक्क्यांनी वाढली. दीड तास आणि एक साधी खोली. त्यामुळे कुणी कोलॅबोरेशनच्या नावाखाली सगळ्या भिंती काढायला निघालं तर आधी चहाची जागा, जिना आणि शेअर्ड मशीन कुठे आहेत ते बघा म्हणावं.

४. पण मी वाचलं होतं की ओपन ऑफिसमध्ये लोक उलट कमी बोलतात?

बरोबर वाचलंत. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांचा २०१८ चा पेपर, दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयात क्युबिकल काढून ओपन केलं तर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्के घटलं आणि ईमेल-मेसेज वाढले. पण ती ऑफिसं होती, लॅब नव्हेत. ऑफिसमध्ये माणूस आपल्या खुर्चीतच बसून असतो, लॅबमध्ये दिवसभर हिंडतो, बेंचवरून सेंट्रिफ्यूज, तिथून फ्रीझर, तिथून ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन), आणि जेलवरच्या प्रयोगाला अजून वीस मिनिटं आहेत म्हणून शेजारच्याशी बोलतो. म्हणून बेंचच्या भागाला तो आकडा जसाच्या तसा लावू नये असं मला वाटतं. डेस्कच्या भागाला मात्र लागू पडतो, तिथे तुम्ही ऑफिसातच असता. लेखनाच्या जागेबद्दल ७ बघा.

५. सतत कुणीतरी बघतंय असं वाटत राहतं. मलाच असं होतं का?

तुम्हाला एकट्याला नाही, हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि बहुतेक वेळा नवीन जॉइन झालेल्यांकडून येतो, त्याला कारण पण आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये जुने प्रयोग एकत्र मांडून दाखवलं की आसपास माणसं असली की हातात बसलेलं काम आणखी चांगलं होतं, पण शिकत असलेलं, अवघड काम बिघडतं. म्हणजे ज्या सीनियरने हजार वेळा मिनिप्रेप (बॅक्टेरियातून डीएनए काढणं) केलंय तिला काचेचा काही फरक पडत नाही आणि ज्याने कालच पॅच क्लॅम्प (पेशीतला विद्युतप्रवाह मोजायचं नाजूक टेक्निक) शिकायला घेतलंय त्याचा हात थरथरतो. दोघंही एकाच हॉलमध्ये बसलेत, म्हणून सीनियरला समजतच नाही की तक्रार कसली आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. बर्नस्टीन यांचाच २०१२ चा अभ्यास आहे, चीनमधल्या मोबाइलच्या कारखान्याचा. सगळी लाइन उघडी, सुपरवायझरला सगळं दिसायचं, आणि कामगार स्वतः शोधलेल्या सोप्या युक्त्या कुणी बघत असलं की वापरायचेच नाहीत, उगाच प्रश्न नकोत म्हणून. काही लाइनींभोवती पडदा लावला तर उत्पादन १० ते १५ टक्के वाढलं. आता रिसर्च म्हणजे तर वेडंवाकडं करून बघणं हेच काम, अर्ध्या गोष्टी फसणारच. तेच जर माणूस लोकांसमोर फसायला नको म्हणून टाळायला लागला तर नुकसान त्याचं एकट्याचं नाही, सायन्सचं आहे. म्हणून नवीन टेक्निक शिकताना पहिले काही दिवस आडोशाची खोली मागून घ्या, बिनधास्त.

६. लॅबमध्ये डोकंच चालत नाही इतका आवाज असतो. फ्रीझरचा का माणसांचा?

दोन्ही असतात पण त्रास वेगवेगळा. उणे ८० अंशांचे फ्रीझर, फ्यूम हूड (घातक वाफ ओढून घेणारं कपाट), बायोसेफ्टी कॅबिनेट (जंतू-पेशींवर काम करायचं कपाट) यांची घरघर एकसुरी असते, थकवा येतो, पण हळूहळू कान तिकडे लक्ष देणं सोडतात. माणसाचं बोलणं मात्र शब्द कळले की डोक्यात शिरतंच, तुम्ही वाचत किंवा लिहीत असाल तर जास्तच, आणि आवाज लहान असला तरी. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटबद्दल हेच ऐकायला मिळालं होतं, २०१६ ला सुरू झालेली एवढी मोठी बिल्डिंग, लोकांनी एकमेकांना भेटावं म्हणूनच मुद्दाम मोकळी ठेवलेली, आणि २०१७ मध्ये बातमी आली की आतल्या काही शास्त्रज्ञांना ओपन जागेत आवाजामुळे लक्ष लागत नाही. उपाय म्हणजे फ्रीझर वेगळ्या खोलीत (त्यांची उष्णता पण जाते), छतावर आवाज शोषणारं मटेरियल कारण काच आणि काँक्रीट आवाज परत फेकतात, आणि फोनवर बोलायला बंद बूथ. हेडफोन डेस्कवर ठीक, बेंचवर नको, अलार्म ऐकू यायला हवा.

७. डेस्क लॅबच्या आत असावं का काचेच्या पलीकडे?

पलीकडे. इथे काच खरंच कामाची आहे. आत खाणं-पिणं चालत नाही, ग्लोव्ह घालून कीबोर्डला हात लागतो, त्यामुळे डेस्क वेगळं हवंच, आणि मध्ये काच असली की चहा पिता पिता आपला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं मशीन) चालू आहे का ते दिसतं. फक्त ते डेस्क पुन्हा पन्नास जणांच्या हॉलमध्ये नको, सहा-आठ जणांच्या खोल्या असाव्यात आणि थीसिस लिहिणाऱ्यांसाठी एकेकट्याच्या दोन-तीन तरी.

८. पीआयला (ग्रुपच्या प्रमुखाला) केबिन आणि आम्हाला ओपन, हे बरोबर आहे का?

पीआयला केबिन असण्यात चूक नाही, कुणाशी पगार, आजारपण, भांडण अशा विषयांवर बोलायचं तर बंद दार लागतंच. चूक होते ती जेव्हा केबिनमधून सगळी बेंच दिसतात आणि केबिनच्या काचेला मात्र ब्लाइंड असतात. तिथे उघडेपणा फक्त ज्युनियरच्या वाट्याला येतो. आणि मग उशिरापर्यंत कोण बसलंय, कुणाची खुर्ची रिकामी आहे यावरून मेहनत मोजली जाते, लोक काम नसताना बसून राहतात. हे आर्किटेक्टने ठरवलेलं नसतं, पण काचेमुळे ती सवय पटकन लागते. पीआय वाचत असतील तर एकच विनंती, कामाबद्दल डेटा बघून बोला, खुर्ची बघून नको.

९. सेफ्टीच्या दृष्टीने ओपन चांगली का वाईट?

दिसण्याच्या बाबतीत नक्कीच चांगली. एकटं काम करताना कुणी पडलं, अंगावर काही सांडलं तर लगेच लक्षात येतं, म्हणूनच बंद खोलीच्या दारालाही छोटी काच ठेवतात, ती पोस्टर लावून झाकू नका. वाईट बाजू म्हणजे एकाच्या बेंचवरचा वास, वाफ, सांडलेलं सगळं सगळ्यांचं होतं, आणि आपल्या शेजारचा ग्रुप काय वापरतोय हे माहीत नसतं. वेगळ्या ग्रुपच्या केमिकलची यादी आणि धोके सगळ्यांना माहीत असणं ओपन लॅबमध्ये जास्त गरजेचं आहे. केमिस्ट्रीचा वेगळा प्रश्न ११ मध्ये.

१०. काय काय ओपन ठेवताच येत नाही?

बरंच काही. बीएसएल-३ (धोकादायक जंतूंवर काम करायची लॅब) तर बंदच, हवेचा दाब आत कमी ठेवावा लागतो, दारं सील. टिश्यू कल्चरला (पेशी वाढवायला) वेगळी खोली, नाहीतर एकाच्या फ्लास्कमधला मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा बारीक जंतू) सगळ्यांकडे पोचतो. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची रिअ‍ॅक्शन) सेटअप करायची जागा आणि झालेलं प्रॉडक्ट उघडायची जागा वेगळी, कारण आधीच्या रिअ‍ॅक्शनचा एक थेंबही पुढच्या टेस्टमध्ये खोटा पॉझिटिव्ह देतो. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप अंधारात आणि कंपनं नसतील अशा जागी. उंदरांच्या खोलीत दिवस-रात्र ठरलेली असते, बाहेरचा उजेड रात्री आत आला की प्रयोग बिघडतो. शिवाय रेडिओअ‍ॅक्टिव्ह. म्हणून "१०० टक्के ओपन" असं कुणी म्हणालं तर प्लॅन मागून घ्या, या खोल्या कुठे दाखवल्यात ते आधी बघा.

११. आमची केमिस्ट्रीची लॅब आहे, आम्हाला हे चालेल का?

काळजीपूर्वक. एक म्हणजे फ्यूम हूडच्या तोंडाशी हवा साधारण ०.५ मीटर प्रति सेकंद वेगाने आत जाते आणि माणूस त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने चालतो, त्यामुळे हूडच्या समोरूनच येण्याजाण्याचा रस्ता असला तर वाफ बाहेर खेचली जाऊ शकते. ओपन हॉलमध्ये हा रस्ता कुठे पडेल ते आधी ठरवावं लागतं. दुसरी अडचण लोकांना उशिरा कळते, ज्वलनशील सॉल्व्हंट किती ठेवायचं याची मर्यादा बऱ्याच देशांत आगीपासून वेगळ्या केलेल्या भागामागे असते, म्हणजे भिंती काढून चार लॅबची एक लॅब केली की चौघांना मिळून एकाच भागाचा कोटा, मग कोण किती ड्रम ठेवणार यावरून वाद. वरच्या मजल्यावर तो कोटा आणखी कमी असू शकतो.

१२. ऊन आणि ग्लेअरचं काय करायचं?

२ मध्ये फॉइलची गोष्ट सांगितली, साठ वर्षांनी पण लोक तेच करतात. उजेड चांगला असतो, दिवस कळतो, मूड बरा राहतो, पण पश्चिमेचं थेट ऊन स्क्रीनवर आणि उघड्या रिएजंटवर (प्रयोगाच्या रसायनांवर) नको. बाहेरच्या बाजूला झडपा सगळ्यात चांगल्या कारण उष्णता बरीचशी बाहेरच अडते, आतले ब्लाइंड मुख्यतः डोळे वाचवतात. आणि ब्लाइंड सगळ्या मजल्याचे एका बटणावर नकोत, ज्याच्या डोळ्यावर ऊन आहे त्याच्या हातात हवेत.

१३. पिपेट, टिप्स, अँटिबॉडी गायब होतात. ओपन लॅबचा दोष का माणसांचा?

थोडा जागेचा पण. भिंत होती तेव्हा "आमचं" आणि "तुमचं" आपोआप ठरायचं, आता ते लिहून ठरवावं लागतं. कॉमन वस्तू कुठल्या, त्यांचा खर्च कुणाचा, मशीन बिघडलं तर फोन कोण करणार, एवढं एका पानावर लिहा आणि त्यासाठी पगारी माणूस ठेवा, पोस्टडॉकच्या गळ्यात घालू नका. कॉमन मशीनचा माणूस चांगला असेल तर ओपन लॅब चालते हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

१४. व्हाइटबोर्डवरचा डेटा शेजारच्या ग्रुपने बघितला तर? स्कूप व्हायची (आमच्या आधी त्यांनीच छापायची) भीती वाटते.

भीती अगदीच खोटी नाही, विशेषतः दोन ग्रुप एकाच विषयात असतील किंवा कंपनीचा करार असेल तर. पेटंट होईपर्यंतचं काम काचेच्या खोलीत लिहू नका, तिथे उघडी चर्चाही नको. बाकी बाबतीत मला उलटा अनुभव जास्त, शेजारच्याने बोर्ड बघून "हे आम्ही करून बघितलंय, चालत नाही" सांगितलं की तीन महिने वाचतात.

१५. टूर येतात, लोक काचेतून फोटो काढतात. नाही म्हणता येतं का?

म्हणता यायला हवं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या डार्विन सेंटरच्या २००९ ला उघडलेल्या भागात लोकांना शास्त्रज्ञ काम करताना दिसावेत अशी सोय केली होती, पण तिथे ते मुळापासून ठरवूनच केलेलं. तुमच्या रोजच्या लॅबमध्ये टूरची वेळ आधी कळवणं, चेहऱ्याचे फोटो न काढणं आणि प्राण्यांवरचं काम किंवा पेशंटची नावं काचेसमोर न ठेवणं हे किमान. आपण लोकांच्या पैशावर रिसर्च करतो, त्यांना बघायला मिळावं हे मला मनापासून पटतं, फक्त आतल्याला विचारून.

१६. कॉम्प्युटेशनल ग्रुपला पण याच हॉलमध्ये बसवायचं का?

शेजारी बसवा, आत नको. ४ आणि ६ मध्ये जे लिहिलंय ते त्यांना सगळ्यात जास्त लागू होतं. बेंचवाल्यांच्या चहाच्या रस्त्यावर त्यांचं दार असलं तर पुरतं.

१७. ऐकू कमी येणाऱ्यांना किंवा आवाज-उजेड सहन न होणाऱ्यांना काय?

यात सरसकट उत्तर नाही. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्याला काच फार सोयीची, लांबून बोलता येतं, कोण येतंय ते दिसतं. तेच श्रवणयंत्र वापरणाऱ्याला मोठा घुमणारा हॉल म्हणजे त्रास, सगळे आवाज एकत्र येतात. ऑटिस्टिक सहकाऱ्यांना बऱ्याचदा कोपऱ्यातलं, पाठीमागून कुणी न येणारं बेंच बरं पडतं. शिवाय बाळाला दूध पाजणं किंवा पंप करणं, इन्सुलिन घेणं, प्रार्थना, रडू आलं तर पाच मिनिटं बसणं, या सगळ्याला बिनकाचेची खोली लागते, आणि ती स्टोअररूम नसावी. काचेचे जिने आणि काचेची जमीन तर कृपा करून नकोच, खालून जाणाऱ्यांना वर दिसतं याचा विचार डिझाइन करताना कुणी केलेला नसतो असं बघितलंय.

१८. जुन्या, अंधाऱ्या, बंद खोल्यांमध्ये पण मोठं सायन्स झालंच की. मग हा खर्च कशाला?

झालंच. एमआयटीची बिल्डिंग २० ही १९४३ मध्ये रडारच्या कामासाठी तात्पुरती म्हणून उभारलेली लाकडी बिल्डिंग, १९९८ पर्यंत टिकली आणि तिथे कोण कोण शेजारी बसायचं ते बघितलं तर थक्क व्हायला होतं. तिचं बळ काचेत नव्हतं, कुणालाही न विचारता भिंतीत भोक पाडता यायचं, वायर ओढता यायची, त्यात होतं. अमेरिकेतल्या बोल्डरची मेसा लॅब (आर्किटेक्ट आय. एम. पेई, १९६७) आणखी वेगळी, हवामान शास्त्रज्ञांसाठी मुद्दाम छोट्या छोट्या गटांत खोल्या, वर टॉवरमध्ये एकांत, आणि एका जागेवरून दुसरीकडे जायला अनेक रस्ते, चालता चालता कुणीतरी भेटावंच म्हणून. म्हणजे भिंती ठेवूनही माणसं भेटवता येतात. दोन्हीत आतल्यांना जागेवर हक्क होता, मी नवीन बिल्डिंगमध्ये तोच शोधते.

१९. नवीन बिल्डिंगच्या प्लॅनिंग मीटिंगला मला बोलावलंय. काय विचारू?

टेक्निशियन आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मीटिंगला आहेत का, हे सगळ्यात आधी. मग, किती माणसांमागे किती बंद खोल्या आणि त्या बुक करायच्या का नुसत्या शिरायच्या. ब्लाइंडचं बटण कुणाकडे. फ्रीझर कुठे. शिफ्ट झाल्यावर सहा महिन्यांनी बदल करायला बजेट ठेवलंय का, कारण खऱ्या अडचणी तेव्हाच दिसतात आणि तोपर्यंत बहुतेक वेळा पैसे संपलेले असतात. चित्रात हसत उभे असलेले लोक दाखवतील, त्यांना विचारा यातला माणूस पेपर कुठे बसून लिहितो.

२०. बिल्डिंग तर झाली, आता ओपनच आहे. परत भिंत मागावी का?

आधी स्वस्त गोष्टी करून बघा. काचेला डोळ्याच्या उंचीवर दुधाळ फिल्म, बसलेल्याचा चेहरा झाकेल पण उभ्या माणसाला लॅब दिसेल इतकी. बेंचच्या टोकाला रॅक. सकाळचे दोन तास डेस्कवर शांतता, सगळ्यांनी मिळून ठरवलेली. एक मीटिंग रूम कायमची लिहिणाऱ्यांना देऊन टाका. मात्र फिल्म लावायच्या आधी सेफ्टीवाल्यांना विचारा, काही काचा एकटं काम करणारा माणूस बाहेरून दिसावा म्हणूनच ठेवलेल्या असतात (९ बघा). एवढं करून दोन-तीन महिन्यांनी पण लोक घरून लिहीत असतील आणि प्रयोगापुरतेच येत असतील तर भिंत मागा, आणि मागताना कुणाला कुठल्या कामासाठी लागते ते लिहून द्या, नुसतं "आवाज होतो" लिहिलं की उत्तरात हेडफोन येतात.